माकडे पाहावीत कशी, आणि हाकावीत कशी

माकड पाहिले नाही असा माणूस आपल्या खेड्यात सापडणार नाही. कौलांवर उड्या पडल्या की आपण काठी घेऊन बाहेर धावतो. तेच माकड देवळाच्या पायरीवर भेटले तर पदरचे चार शेंगदाणे त्याच्यापुढे टाकतो. हाकलण्याचे काम असो की खाऊ घालण्याचे, ते दोन मिनिटांत संपते आणि आपण आपल्या वाटेला लागतो. ही टोळी आली कोठून, तिच्यात किती जण होते, रात्र कोणत्या झाडावर काढली, आजच का आली आणि काल का आली नाही, हे विचारण्यासाठी कोणी थांबत नाही. आपल्या वालाच्या शेंगा जातात, काकडीचा वेल तुटतो, तेव्हा मात्र हेच प्रश्न कामाचे असतात.

रानातल्या प्राण्याला न बिचकावता, त्याच्या दिनक्रमात आपला हात न घालता पाहण्याची एक रीत आहे. मोठमोठ्या अभ्यासकांनी ती वर्षानुवर्षे खपून बसवली आहे. तिला ना यंत्र लागते ना पैसा. एक वही, एक पेन्सिल आणि बूड टेकून बसण्याचा धीर एवढे पुरे. ही रीत काय आहे आणि शेतकऱ्याच्या घरात तिचा उपयोग काय, ते आज पाहू.

शहर आले डोंगराच्या पायाशी

कल्याण सोडून कर्जतच्या बाजूला निघाले की उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन गावे ओळीने लागतात. फाळणीनंतर आलेल्या सिंधी बांधवांच्या छावणीला १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले. अंबरनाथचे शिवमंदिर तर शिलाहारांच्या काळातले, शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० मधले. पुढे तेथे कारखाने आले. बदलापूर हे भाताचे आणि जांभळांचे गाव, तेही आता इमारतींनी भरून गेले आहे. पण या तिन्ही गावांच्या पाठीशी अजून डोंगर उभे आहेत. मलंगगडाचे सुळके, माथेरानची रांग, कोंडेश्वराची दरी आणि बारवी धरणाभोवतीचे रान. ऐन, साग, उंबर, सावर, करवंदीच्या जाळ्या असा हा मुलूख आहे. पायथ्याशी ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या आणि शेतकऱ्यांची भातखाचरे आहेत.

अशा ठिकाणी रान आणि वस्ती यांच्यामध्ये एखादा ओढा नाहीतर डांबरी रस्ता एवढेच अंतर उरते. माकडांना त्याचे काय! सकाळी उंबरावर, दुपारी परसातल्या पेरूवर आणि रविवारी सहलीला आलेल्या मंडळींच्या पिशवीवर. शेतकरी त्यांना शिव्या देतो, सहलीचा पाहुणा त्यांना चिवडा देतो, आणि या दोघांच्या मध्ये माकडाचा स्वभाव मात्र बिघडत जातो. तो बिघडतो कसा हे समजण्यासाठी आधी माकडांची ओळख करून घेतली पाहिजे.

वानर वेगळे, माकड वेगळे

आपल्याकडच्या डोंगरांत मुख्यतः दोन जाती दिसतात. काळ्या तोंडाचे, राखी अंगाचे, लांब शेपटीचे ते वानर. त्याच्या मोठ्या नराला आपण हुप्या म्हणतो. दुसरे ते तपकिरी अंगाचे माकड. त्याच्या डोक्यावरचे केस टोपी घातल्यासारखे चहूबाजूंना पसरलेले असतात, म्हणून त्याला टोपी माकड असेही म्हणतात. माथेरानला जाणाऱ्याची पिशवी हिसकावतो तो बहुधा हाच.

दोघांच्या पोटात फरक आहे, म्हणून दोघांच्या वागण्यातही फरक आहे. वानराचे मुख्य अन्न झाडपाला. त्याच्या जठराला गाईम्हशींसारखे कप्पे असतात आणि त्यांत पाला आंबवून पचवला जातो. म्हणून पोट भरले की वानरे तासन् तास फांदीवर शेपट्या लोंबकळत सोडून बसलेली दिसतात. टोपी माकडाला फळ, बी, किडा, कोंब, भाकरी सगळे चालते. त्याच्या दोन्ही गालांत पिशव्या असतात. शेतात शिरायचे, झटपट गाल भरायचे आणि झाडावर जाऊन सावकाश चावायचे, असा त्याचा खाक्या. माणूस ओरडत येईपर्यंत त्याचे काम झालेले असते, ते या पिशव्यांमुळे.

टोळीची घडीही पाहण्यासारखी असते. माद्या जन्मतात त्याच टोळीत राहतात. मुली, आया, आज्या असे ते माहेरच असते. नर वयात आले की टोळी सोडून जातात. वानरांमध्ये पुष्कळदा एका टोळीत एकच मोठा हुप्या असतो आणि बाकीचे नर आपली वेगळी फळी करून हिंडतात. टोपी माकडांच्या टोळीत मात्र मोठे नर अनेक असतात.

टेकडीवर बसलेली मुलगी

आता थोडे दूर, आफ्रिकेत जाऊ, कारण न बिचकावता पाहण्याची गोष्ट निघाली की पहिले नाव तेथलेच घ्यावे लागते.

चिंपांझी हा बिनशेपटीचा, आपल्या माणसाच्या सर्वांत जवळचा नातलग. तो आपल्या देशात नाही. टांगानिका सरोवराच्या काठी गोंबे नावाचे रान आहे, तेथे १४ जुलै १९६० रोजी जेन गुडाल ही सव्वीस वर्षांची इंग्रज मुलगी चिंपांझी पाहण्यासाठी उतरली. एकट्या मुलीने रानात राहू नये असा तेथल्या अधिकाऱ्यांचा आग्रह, म्हणून सोबत तिची आई आली. आईने तळावर आसपासच्या कोळी लोकांना साधी औषधे द्यायला सुरुवात केली, त्यामुळे वस्तीशी जिव्हाळा जडला. मुलगी मात्र पहाटे उठून डोंगर चढायची.

सुरुवातीचे काही महिने चिंपांझी तिला पाहताच, पाचशे पावलांवरूनसुद्धा, पळून जात. ती त्यांच्या मागे धावली नाही. झुडपात लपून दबा धरून बसली नाही. लपणारा प्राणी म्हणजे शिकारी, हे रानातल्या कोणालाही कळते. तिने एक उघडी टेकडी निवडली. रोज तीच जागा, रोज त्याच मातकट रंगाचे कपडे. दुर्बिणीतून दुरून पाहायचे आणि टिपून ठेवायचे. चिंपांझी जवळ आलेच तर त्यांच्याकडे आपले लक्ष नाही असे दाखवण्यासाठी माती उकरायची, पाला तोडायचा. हळूहळू त्या कळपाला कळले की हे टेकडीवरचे प्राणी रोज येते, काही करत नाही आणि निघून जाते.

या धीराला फळ आले. त्याच वर्षाच्या अखेरीस, डेव्हिड ग्रेबिअर्ड असे नाव तिने ज्याला दिले होते, तो पांढऱ्या दाढीचा चिंपांझी वारुळापाशी बसलेला तिला दिसला. गवताची काडी वारुळाच्या भोकात घालायची, काडीला वाळवी चिकटली की बाहेर काढून ओठांनी टिपायची. पुढे असेही दिसले की डहाळीची पाने ओरबाडून तो आपले हत्यार नीट करून घेतो. हत्यार करणे हे फक्त माणसाचे काम, अशी त्या काळी विद्वानांची समजूत होती. ती एका काडीने मोडली. टेकडीवर बसलेल्या मुलीऐवजी तेथे पाठलाग करणारा कोणी असता तर त्याला फक्त पळणाऱ्या चिंपांझींच्या पाठी दिसल्या असत्या. जेन गुडाल १ ऑक्टोबर २०२५ रोजी वयाच्या ९१ व्या वर्षी वारल्या. त्यांनी सुरू केलेले गोंबेचे टिपण आजही चालू आहे.

केळ्यांनी केलेला घोटाळा

पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे, आणि आपल्या कामाची तीच आहे.

पुढे डेव्हिडने तळावरची केळी उचलून नेली. ती नेऊ दिली तर हे प्राणी जवळ येतील, नीट पाहता येतील, छायाचित्रे काढता येतील, असे वाटून केळी ठेवण्याची रीत सुरू झाली. चिंपांझी आले, आणि येतच राहिले. जे कळप रानात पांगून चरत, ते तळाभोवती गर्दी करून बसू लागले. केळ्यांवरून मारामाऱ्या वाढल्या. जवळच बबून माकडेही होती, त्यांच्याशी झटापटी होऊ लागल्या. तळावरचे तंबू, कपडे, पेट्या उचकटल्या जाऊ लागल्या. शेवटी केळी देण्यावर कडक मर्यादा घालावी लागली. त्याच देशात महाले डोंगरात जपानी अभ्यासकांनीही १९६० नंतरच्या दशकात चिंपांझींना जवळ आणण्यासाठी ऊस ठेवला होता. लोभ दाखवून जवळ आणलेल्या प्राण्याचे वागणे त्याचे स्वतःचे उरत नाही, असे पुढे अभ्यासकांच्या ध्यानी आले.

म्हणून १९७९ साली आयव्हरी कोस्ट देशातल्या ताई रानात क्रिस्तोफ आणि हेडविग बोश या पतिपत्नींनी काम सुरू केले तेव्हा त्यांनी खाणे मुळीच ठेवले नाही. नुसते मागोमाग राहायचे, दिसायचे आणि गप्प बसायचे. चिंपांझींना त्यांची सवय व्हायला सुमारे पाच वर्षे लागली. पण त्यानंतर दगडाने कठीण कवचाची फळे फोडणारे चिंपांझी, आणि ती कला आईपाशी बसून शिकणारी पिल्ले, हे सारे त्यांना जसेच्या तसे पाहता आले.

आजारांचाही धडा मिळाला. १९६६ साली गोंबेच्या चिंपांझींमध्ये पोलिओची साथ आली. काही मेले, काही लुळे झाले. माणसाची दुखणी या प्राण्यांना जडतात, त्यांची आपल्याला. म्हणून आता चिंपांझी पाहायला जाणाऱ्याला सात ते दहा मीटर अंतर राखावे लागते, तोंडाला फडके बांधावे लागते आणि सर्दीखोकला असेल तर जाऊ दिले जात नाही.

आपल्याकडची चिकाटी

असे पाहणे परदेशातच झाले असे नाही. १९६१ ते १९६३ या काळात युकिमारू सुगियामा हे जपानी अभ्यासक आपल्या शेजारच्या धारवाड भागात वानरांच्या टोळ्यांमागे हिंडले. बाहेरचे नर एका टोळीवर चालून आले, त्यांतल्या एकाने जुन्या हुप्याला हुसकावले आणि मग अंगावरची लहान पिल्ले मारली गेली, हे त्यांनी नोंदले. १९७१ पासून सारा हर्डी या अमेरिकन बाईंनी अबूच्या डोंगरावर वानरांचा अभ्यास केला. हुप्या पिल्ले का मारतो यावर पुढे विद्वानांत पुष्कळ वाद झाला. पण वाद घालायला आधी कोणीतरी बसून पाहिलेले असावे लागते.

मराठीतही हे काम झाले आहे. माडगूळच्या मातीतले आपले व्यंकटेश माडगूळकर हे शिकारीचा नाद सोडून रान पाहण्याकडे वळले. भंडाऱ्याकडच्या नागझिऱ्याच्या रानात ते मुक्काम करून राहिले आणि त्यावर 'नागझिरा' हे पुस्तक लिहिले. वानरांच्या टोळ्यांमधल्या सत्तेच्या झगड्यावर त्यांनी 'सत्तांतर' ही छोटी कादंबरी लिहिली. तिला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गावच्या वाचनालयात मिळाली तर घरातल्या सर्वांनी वाचावी अशी ती आहे.

पाहण्याची रीत

आता आपल्या बांधावर येऊ. बारवीच्या रानालगत असो, कोंडेश्वराच्या वाटेवर असो की तुमच्या स्वतःच्या गावच्या देवराईत, रीत एकच.

पहाटे निघावे. माकडे उंच झाडांवर निजतात आणि ऊन पडू लागले की खाली हलतात. सकाळी चरणे, दुपारी विसावा आणि एकमेकांच्या उवा-घाण काढणे, तिसऱ्या प्रहरी पुन्हा चरणे, आणि दिवस मावळता निजण्याच्या झाडाकडे परतणे, असा त्यांचा साधारण दिवस असतो. निजण्याचे झाड एकदा सापडले की निम्मे काम झाले.

लपू नये. उघड्यावर, पण दूर, एका जागी बसावे. भडक कपडे, हातवारे, मोबाइलचे गाणे, सोबत कुत्रे, यांतले काही नको. बोटाने दाखवू नये. काठी उभी धरू नये.

डोळ्याला डोळा भिडवू नये. टक लावून पाहणे म्हणजे माकडांच्या भाषेत आव्हान. मुलांना हे नक्की सांगावे. माकडाकडे पाहून दात काढणे, वेडावणे हा खेळ नव्हे. माकड तोंड वासून, भुवया वर करून रोखून पाहते तेव्हा ते धमकावत असते. आपण हसतो तसे ओठ ताणून दात दाखवते तेव्हा ते भ्यालेले असते. अशा वेळी नजर खाली करून, पाठ न फिरवता, सावकाश मागे सरावे.

अंतर किती ठेवावे? त्याला टेपाची गरज नाही. टोळी तुमच्याकडे पाहणे सोडून पुन्हा आपल्या खाण्याला लागली, म्हणजे अंतर बरोबर. खाणे थांबले, आईने पिल्लू पोटाशी ओढले, हुप्याने फांद्या हलवल्या किंवा मोठा जबडा उघडून सुळे दाखवले, की समजावे आपण फार जवळ आलो. लगेच मागे सरावे.

आई आणि पिल्लू यांच्या मध्ये कधीही जाऊ नये. वानराचे तान्हे काळसर असते. टोळीतल्या इतर माद्या ते हौसेने मागून घेतात, या मांडीवरून त्या मांडीवर नेतात. एखादे पिल्लू आईपासून दूर दिसले तर ते टाकून दिलेले आहे असे समजून उचलू नये. त्याची मावशी वरच्या फांदीवर असते.

वहीत काय लिहावे

शाळकरी मुलांची जुनी वही असते, तिची मागची पाने पुरतात. तारीख, वेळ, जागा, वारा-पाऊस. किती दिसली. काय खात होती. कोठून आली, कोणीकडे गेली. एवढे सहा रकाने.

मोजायची युक्ती अशी. झाडावर असताना मोजू नये, चुकते. टोळी रस्ता, ओढा किंवा दोन झाडांमधली मोकळी जागा ओलांडते तेव्हा एकामागून एक जाते. तेव्हा मोजावी आणि दोन-तीन दिवस मोजून सर्वांत मोठा आकडा धरावा. खुणा पाहून ओळखी कराव्यात. एकाचा कान फाटका, एकाची शेपूट तुटकी, एखादी लंगडी म्हातारी. अशी चारपाच ओळखली की तीच टोळी पुन्हा आली की दुसरी, हे कळते. घरातल्या मुलींना हे काम द्यावे. जेन गुडाल, सारा हर्डी या बायकांनीच या विषयाला वळण दिले, आणि बारीक नजर आपल्या लेकीबाळींनाही आहे.

आणि गावात एखादे ठाकर किंवा कातकरी आजोबा असतील तर त्यांच्यापाशी बसावे. कोणत्या झाडाला केव्हा फळ येते आणि त्यावर कोण येते, हे त्यांना पाठ असते. त्यांचे बोलणेही वहीत उतरवावे.

वहीचा शेताला उपयोग

तुम्ही म्हणाल, आमचा वाल फस्त होतो आणि तुम्ही आम्हाला वही लिहायला सांगता! बोलणे खरे आहे. ज्याचे पीक जाते त्याला माकडाचे कौतुक सांगू नये. पण वहीचा उपयोग त्यालाच जास्त आहे.

समजा, भातानंतर तुम्ही वाल केला आहे आणि शेंग भरू लागली आहे. पंधरा दिवस तुम्ही टिपण ठेवले. त्यात दिसले की टोळी बहुतेक वेळा सकाळी आठच्या सुमारास आणि पुन्हा चारच्या पुढे येते, आणि दर वेळी ओढ्याकाठच्या त्याच आंब्यावरून बांधावर उतरते. आता दिवसभर माणूस राखणीला बसवण्याचे कारण उरले नाही. सकाळचे दीड-दोन तास आणि संध्याकाळचे तेवढेच, तेही त्या आंब्यापाशी, एवढी राखण पुरते. घरातले एक माणूस दुसऱ्या कामाला मोकळे झाले.

राखण करताना टोळी शेतात शिरण्याआधी उठवावी. एकदा गाल भरले की तिचा फेरा वसूल झाला, मग हाकलून काय उपयोग? शेताच्या बाजूने उभे राहून तिला रानाच्या बाजूला हाकावे. चारी बाजूंनी घेरू नये, कारण घेरलेले माकड अंगावर येते. पळायची वाट नेहमी मोकळी ठेवावी. दगड, गोफण पिल्लांच्या रोखाने मारू नये. आणि राखणीत खंड पडू देऊ नये. दोन दिवस हाकलले आणि तिसऱ्या दिवशी मनसोक्त खाऊ दिले, तर माकड तिसऱ्या दिवसाची वाट पाहायला शिकते.

बांधावरच्या झाडाची फांदी थेट शेतावर आली असेल तर तेवढी छाटावी. मोकळ्या जमिनीवरून यायला टोळी कचरते, कारण तिला कुत्र्याची आणि बिबट्याची भीती असते. मात्र रानातले उंबर, जांभूळ तोडू नये. ते झाड असते तोवर टोळीचे पोट तेथे भरते. ते गेले की तुमचा पेरू तिला जवळचा वाटू लागतो.

नुकसान मोठे असेल तर वनविभागाच्या जवळच्या कार्यालयात लेखी तक्रार द्यावी. तेथेही वहीतली तारीख, वेळ आणि संख्या कामाला येते. माकडे पकडून दुसऱ्या रानात सोडावीत असे अनेकांना वाटते. पण ती आपल्या हाताने करायची गोष्ट नव्हे, कायद्यानेही नाही. शिवाय सवय लागलेले माकड जेथे सोडाल तेथल्या गावाला त्रास देते. आपली पीडा दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकण्यासारखेच ते आहे.

भीती कोणाची, कोणाला हवी

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. चिंपांझींच्या मागे पाच वर्षे हिंडणाऱ्या अभ्यासकाला काय हवे असते? प्राण्याची माणसाविषयीची भीती जावी, म्हणजे त्याला जवळून पाहता येईल. शेतकऱ्याला नेमके उलटे हवे असते. माकडाला माणसाचा धाक असावा, त्याने बांधापलीकडेच थांबावे. म्हणून अभ्यासकाची सगळी रीत आपण उचलायची नाही. त्याचा धीर घ्यायचा, त्याची वही घ्यायची, त्याने केळ्यांवरून घेतलेला धडा घ्यायचा. पण माकडाला आपली सलगी लावायची नाही. दुरून पाहायचे आणि दूरच राहायचे.

आणि जो धाक राखायला शेतकरी ऊनपावसात उभा राहतो, तो घालवतो कोण? शेंगदाणे आणि बिस्किटे टाकणारा. माथेरानच्या वाटेवर, धबधब्याच्या काठी, घाटाच्या वळणावर गाडी थांबवून खाऊ घालणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. कोणी मारुतीचा अवतार म्हणून घालतो, कोणी मुलांची हौस म्हणून. पण त्या एका मुठीतून माकड शिकते की माणूस म्हणजे खाऊची पिशवी. मग ते पिशवी ओढते. पिशवी मिळाली नाही की चावते. पुढे स्वयंपाकघरात शिरते. गोंबेच्या तळावर चिंपांझींचे जे झाले तेच हे, फक्त तेथे दुरुस्त करायला अभ्यासक होते. येथे पाहुणा खाऊ टाकून संध्याकाळच्या गाडीने परत जातो आणि त्याचे भोग पायथ्याच्या शेतकऱ्याच्या वाट्याला येतात.

तेव्हा आपल्या गावच्या देवळापाशी, धबधब्यापाशी ग्रामपंचायतीने एक साधी पाटी लावावी: माकडांना काही देऊ नका. उष्टे, खरकटे उघड्यावर टाकू नये. मारुतीवर श्रद्धा आहे ना, मग त्याच्या नावाने एक उंबर किंवा एक जांभूळ रानात लावावे. तो नैवेद्य पन्नास वर्षे पुरतो.

जपायच्या दोन गोष्टी

माकड चावले किंवा ओरखडले तर हळद-चुना लावून बसू नये. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. पिसाळण्याच्या रोगाची लस डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे पुरी घ्यावी.

रानात मेलेले माकड दिसले तर हात लावू नये. १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूरच्या रानात माकडतापाचा शोध लागला. हा ताप गोचिडांतून माणसाला येतो आणि माकडे मरू लागणे ही त्याची आगाऊ सूचना असते. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातही २०१६ साली त्याचे रुग्ण आढळले. तेव्हा मेलेले माकड दिसले की वनविभागाला आणि आरोग्य केंद्राला कळवावे. येथेही ज्याची नजर रोज टोळीवर असते, त्यालाच सर्वांत आधी कळते.

वाचकहो, जांभूळ पिकले की टोळी डोंगरात असते आणि शेंग भरली की बांधावर येते. हे तुमच्या आजोबांना वहीशिवाय माहीत होते, कारण ते गुरांमागे रानात बसत. आपले रानात बसणे सुटले, म्हणून वहीची गरज पडली. येत्या रविवारी मुलांना घेऊन बांधावर पहाटे जा, काही न देता, काही न फेकता तासभर बसा, आणि पहिले पान लिहा. वर्षभराने ती वही उघडाल तेव्हा पिकाची राखण कोठे, केव्हा आणि किती करायची, हे तुम्हाला दुसऱ्या कोणाला विचारावे लागणार नाही.